भुताच्या माथी मारलेली मरणं

माझ्या लहानपणी वडनेर भोलजीत, आमच्या घरामागच्या गल्लीत, एक बंद घर होतं. मगरिबची अजान झाली की आम्ही पोरं तिकडून जायचं टाळायचो. त्या घरातली सून स्टोव्हच्या भडक्यात गेली होती आणि रात्री ती दारात उभी दिसते, असं मोठी माणसं सांगायची. शेजारचे तिला हडळ म्हणायचे, आमच्याकडे आसेब म्हणायचे. नाव वेगळं, भीती तीच. फक्त दादी म्हणायची, "भूत-वूत कुछ नई, लोगां चुप है."

त्याच सुमारास गावात भाड्याच्या व्हिडिओवर 'पुराना मंदिर' पाहिला. रामसे बंधूंचा हा सिनेमा १९८४चा. सामरी नावाच्या सैतानाचा शाप असतो, की राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आम्ही सामरीला घाबरून चादरीत घुसलो. बाया का मरतात हा प्रश्नच नव्हता. सामरी मारतो, संपलं.

पुढे जुने सिनेमे पाहिले, तेव्हा दादीचं बोलणं आठवलं.

पछाडलेल्या घराच्या हिंदी सिनेमाची परंपरा 'महल'पासून धरतात. बॉम्बे टॉकीज, १९४९. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आणि पडद्यावर सोळा वर्षांची मधुबाला. लताबाईंच्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव म्हणून पात्राचं, 'कामिनी'चं, नाव छापलं होतं. शेवटी कळतं की भूत नाहीच, माळ्याची मुलगी आहे. पण मला आठवते ती रंजना, नायकाची बायको. नवरा त्या सावलीमागे वेडा होतो आणि ही विष घेऊन मरते. झोपाळ्यावरची मधुबाला सगळ्यांच्या लक्षात आहे. रंजना किती जणांना आठवते?

'महल'चं संकलन बिमल रॉय यांनी केलं होतं. नऊ वर्षांनी त्यांनीच 'मधुमती' काढला, कथा ऋत्विक घटक यांची. तिथे मेलेल्या मुलीचं सोंग घेऊन राजाकडून गुन्ह्याची कबुली घेतात. इथे भूत साक्षीला उभं राहतं. १९६२च्या 'बीस साल बाद'मध्ये ठाकुरांना मारणारं भूत म्हणजे प्रत्यक्षात त्या अत्याचार झालेल्या मुलीचा बाप निघतो. या सिनेमांत भुताचा पडदा सरकला की मागे माणूस सापडायचा, आणि त्यानं काय केलं किंवा त्याच्यावर काय बेतलं तेही कळायचं.

म्हणून रामसे मला आवडले तरी पटले नाहीत. 'पुराना मंदिर' आला तो काळ बघा. सासरच्या छळाविरुद्धचं ४९८-अ कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४-ब १९८६ साली. देशभर सुना जळत होत्या आणि पडद्यावर सगळा दोष सामरीचा होता. परदेशी सिनेमाही यातून सुटलेला नाही. 'द कॉन्ज्युरिंग' (२०१३) बघताना मी चारदा दचकलो, पण तिथेही सगळं खापर मेलेल्या चेटकिणीवरच फुटतं.

राम गोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) मला यापेक्षा मोलाचा वाटतो. हवेली नाही, जंगल नाही, मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट. गॅलरीतून पडून मेलेल्या बाईचा खून झाला होता, हे बाहेर यायला तिला उर्मिला मातोंडकरच्या अंगात यावं लागतं. जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि आपल्या मराठीतला विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७). गरोदर नेहा उसाच्या फडातल्या घरात राहायला येते. हळूहळू उलगडतं, की या घरात मुली नकोशा होत्या. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. हे आकडे माहीत असले की तो ऊस वेगळा दिसतो. मला तर कुरआनातली जिवंत पुरलेली मुलगी आठवली. कयामतच्या दिवशी तिला विचारलं जाईल, की कोणत्या गुन्ह्यासाठी तुला मारलं? आपण तेवढी वाट का पाहायची?

माझं मत एवढंच. भूत दाखवा, हरकत नाही. पण ते घर कुणी पछाडलं, हेही सांगा.

आमच्या गल्लीतलं ते घर आता पाडलंय, तिथे दुकानं झालीत. गेल्या ईदला गेलो तेव्हा दोन-तीन म्हाताऱ्यांना विचारलं. ती दारात कशी उभी राहायची, ते सगळ्यांनी सांगितलं. तिचं नाव एकालाही आठवलं नाही.

मलाही नाही.