फ्यूज कुणी काढला?

यंत्राने चूक केली तर नवल नाही. पण माणूस ‘चुकते आहे’ म्हणून ओरडत असताना यंत्राचेच खरे मानले, की अनर्थ होतो. थेराक-२५ ची हकिगत आज आठवायची ती यासाठी.

कर्करोगावर किरणोपचार करणारे हे यंत्र कॅनडाच्या एका सरकारी कंपनीचे. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ यंत्रे बसवली गेली. आधीच्या थेराक-२० मध्ये जादा किरण रोखणारे स्वतंत्र अडसर होते. नव्या यंत्रात ते काढले आणि राखणीचे काम संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोपवले. १९८३ साली कंपनीने धोक्यांची तपासणी केली, तीत प्रोग्रॅममधल्या चुका धरल्याच नव्हत्या.

१९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा मिळाली. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. अशा सूचना नेहमीच्याच, म्हणून पुढे जाण्याचे बटण दाबले गेले. आतल्या रुग्णाचा आवाज बाहेर पोचवणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती. काही महिन्यांनी तो दगावला. कंपनीचे उत्तर एकच : जादा मात्रा शक्यच नाही!

तीन आठवड्यांनी तिथेच पुन्हा तसेच घडले. तेव्हा रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी मूळ शोधले. टाइप करताना झालेली चूक ८ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, की यंत्राचा गोंधळ उडे. हाच दोष पुढे थेराक-२० मध्येही सापडला. पण तिथे फ्यूज उडत होते, माणसे वाचत होती. मे १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने थेराक-२५ सदोष ठरवले. पुढे प्रोग्रॅमवर न विसंबणारे अडसर त्यात बसवावे लागले.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता इस्पितळात, बँकेत, विमा कचेरीत आली आहे. जरूर यावी. पण थेराकचा दोष निदान शोधून दाखवता आला. शिकून तयार झालेल्या यंत्राने अमुकच का ठरवले, हे पुष्कळदा बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने जोखमीच्या कामांसाठी माणसाच्या देखरेखीची अट घातली, ती म्हणूनच. मात्र देखरेख करणाऱ्याला यंत्र थांबवण्याचा अधिकार आणि तेवढी सवड नसेल, तर तोही नुसता बटण दाबणाराच. कर्ज नाकारलेल्या माणसाची तक्रार ऐकायला जिवंत कान हवा. आणि यंत्र कितीही हुशार असो, फ्यूज काढू नये.