हन्सलेट : मैदान गेल्यानंतर

इंग्लंडमधील लीड्स शहराच्या दक्षिणेस हन्सलेट ही आगगाडीची इंजिने घडविणाऱ्या कामगारांची वस्ती. शनिवारी रग्बी खेळावयास गेलेल्या कामगाराची मजुरी बुडे. ती भरून देण्यास रग्बीच्या धुरीणांनी नकार दिला, तेव्हा १८९५ साली उत्तरेकडील बावीस संघांनी वेगळी चूल मांडली. हन्सलेट त्यांतलाच एक. पुढे ह्या फुटीतून तेरा गड्यांची ‘रग्बी लीग’ आकारास आली. पोटाच्या प्रश्नातून जन्मलेला हा खेळ, म्हणून आम्हांस त्याचे विशेष कौतुक वाटते.

१९०७-०८ च्या हंगामात अल्बर्ट गोल्डथॉर्पच्या नेतृत्वाखाली हन्सलेटने चारही चषक जिंकले. असा पराक्रम करणारा तो पहिलाच संघ. १९३८ साली अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने शेजारच्या बलाढ्य लीड्सला ८-२ असे नमविले.

मग वस्तीच उठली. कामगारांची दाटीवाटीची जुनी घरे पाडण्यात आली, कुटुंबे शहराच्या कडेला पांगली, प्रेक्षक रोडावले. १९६५ साली वेम्बलीवरील चषकाचा अंतिम सामना संघ विगनविरुद्ध १६-२० असा हरला. तितक्या उंचीवर तो पुन्हा चढला नाही. १९७३ साली पार्कसाइडचे मैदान विकले गेले आणि भागधारकांनी संघ गुंडाळला.

हिशेबाच्या वहीत इतिहास इथे संपतो. परंतु वेम्बलीचा तो सामना खेळलेल्या जेफ गनी ह्यांनी काही स्थानिकांना हाताशी धरून त्याच वर्षी ‘न्यू हन्सलेट’ उभा केला. मैदान मिळाले ते कुत्र्यांच्या शर्यतींचे! गोलाचे खांबही अमेरिकन धर्तीचे, लोखंडी, बेचकीसारखे. पाहणाऱ्यांना हसू आले असेल. खेळणाऱ्यांना मात्र उभे राहावयास जागा मिळाली होती. तेही मैदान सुटले. बिऱ्हाडे बदलीत अखेर १९९५ साली संघ साउथ लीड्स स्टेडियमवर आला. पार्कसाइड तेथून दूर नाही.

१९९९ साली त्याने ड्यूजबरीला १२-११ असे हरवून दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळविले, तरी वरच्या श्रेणीचे दार उघडले नाही. निकष पुरे झाले नाहीत, असे उत्तर मिळाले. खेळून मिळविलेले असे नाकारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

वरची श्रेणी हुकली, तरी संघ मोडला नाही. ‘न्यू’ हा शब्द तर नावातून केव्हाच गळाला होता. गोल्डथॉर्पचे चार चषक हन्सलेटकर आजही आपलेच म्हणून मोजतात.