तिसरी प्रत

अमेरिकेत अक्कलदाढ काढून घेतली असेल, तर हा अनुभव तुम्हाला आला असेल. डॉक्टर चार दिवसांच्या कडक पेनकिलर लिहून देतात आणि फार्मसीत आयडी मागतात. त्या गोळ्या ओपिऑइड असतील, तर तुमचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या राज्याच्या डेटाबेसमध्ये जाते. ही पाळत कशाला, असं वाटणं साहजिक आहे. त्यासाठी जरा मागे जाऊ.

१९३९ साली कॅलिफोर्नियाने नियम केला की मॉर्फिनसारखं औषध लिहायचं तर तीन प्रतींचा सरकारी फॉर्म भरायचा. एक प्रत डॉक्टरांकडे, एक दुकानदाराकडे आणि तिसरी सरकारकडे. न्यूयॉर्कने १९७२च्या कायद्यानुसार अशा रुग्णांची नावं संगणकात ठेवायला घेतली, तेव्हा काही रुग्ण आणि डॉक्टर कोर्टात गेले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला.

मग १९९६ साली पर्ड्यू फार्माचं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं. आता गंमत बघा. प्रिस्क्रिप्शनचा डेटा कंपनीकडेही होता, विकत घेतलेला. कोणता डॉक्टर ओपिऑइड जास्त लिहितो हे त्यात बघून ती आपले प्रतिनिधी नेमके त्याच्याच दारात पाठवायची. पण तीन प्रतींची राज्यं तेव्हा पाच होती: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सस, इलिनॉय आणि आयडाहो. तिथले डॉक्टर या फॉर्मच्या कटकटीमुळे बिचकतात, हे कंपनीला आधीच कळलं होतं, म्हणून तिथे तिने जाहिरातीचा जोर कमी ठेवला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सुरुवातीच्या वर्षांत या राज्यांत ऑक्सिकॉन्टिनचा वापर इतर राज्यांच्या सुमारे निम्माच होता. ओव्हरडोसचे मृत्यूही तिथे पुढची कित्येक वर्षं कमी वेगाने वाढले. कागदी फॉर्म बंद झाले, तरी हा फरक टिकला.

म्हणजे डेटा आला की प्रश्न सुटला? नाही. देशातली ओपिऑइडची प्रिस्क्रिप्शन्स २०१२ साली शिखरावर होती, वर्षाला सुमारे साडेपंचवीस कोटी. नंतर आकडा उतरत गेला, मृत्यू मात्र वाढले. माणसं हेरॉइनकडे वळली, मग बेकायदा फेंटानिल आलं, आणि रस्त्यावरच्या फेंटानिलला प्रिस्क्रिप्शन लागत नाही. २०२१ साली ओपिऑइडमुळे ८० हजारांहून जास्त लोक गेले. दुसरीकडे, वर्षानुवर्षं वेदना सोसणाऱ्या काही रुग्णांच्या गोळ्या अचानक तोडल्या गेल्या. शेवटी सीडीसीला २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगावं लागलं की आधीच्या मर्यादा म्हणजे काही कडक नियम नव्हेत.

म्हणून डेटाबेसमध्ये एखादा आकडा लाल दिसला की पुढे काय होतं, हे महत्त्वाचं. त्या रुग्णाला व्यसनातून बाहेर पडायला ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार मिळतात, की नुसतं दार बंद होतं? तिसरी प्रत कपाटात पडून राहिली काय किंवा सर्व्हरवर, ती वाचणारा माणूस रुग्णाचा विचार करतोय का, हे आपण विचारत राहिलं पाहिजे. पुढच्या वेळी काउंटरवर आयडी काढाल, तेव्हा हा प्रश्न आठवा. त्या नोंदीत तुमचंही नाव आहे.