शहराचा सांडवा : हैदराबादच्या बागा आणि मुसी नदी

धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने 'मोठे शहर' म्हणजे मुंबई किंवा पुणे, ही गोष्ट तशी अलीकडची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. उस्मानाबाद हे नावही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झाले. वरच्या कोर्टातले काम असो, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षण असो, गाठायचे ते हैदराबाद. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला आणि पाहता पाहता तोंडे पश्चिमेकडे वळली. तरी नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करीत जाणारा रस्ता तसाच आहे. आज तो राष्ट्रीय महामार्ग ६५ म्हणून ओळखला जातो. त्या रस्त्याने जाणारा एस.टी.चा प्रवासी हैदराबादेत ज्या स्थानकावर उतरतो त्याचे सरकारी नाव महात्मा गांधी बसस्थानक; लोक त्याला इमलीबन म्हणतात.

इमलीबन म्हणजे चिंचबन. हे स्थानक मुसी नदीच्या पात्रातील एका बेटावर उभे आहे. बन गेले, नाव राहिले. हैदराबादेत अशी नावे पावलोपावली भेटतात : बशीरबाग, रामबाग, बाग अंबरपेठ, बाग लिंगमपल्ली. मराठी मंडळींनी १९०७ मध्ये स्थापन केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था ज्या भागात आहे त्याचे नाव जांबाग. पेरूला आपण मराठवाड्यात जांब म्हणतो, दखनीतही तो जामच. म्हणजे ही पेरूची बाग झाली. सतराव्या शतकात गोवळकोंड्याला आलेला फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हेर्निये याने तर 'भागनगर' या शहराच्या जुन्या नावातही 'बाग' हाच शब्द ऐकला होता. त्याची व्युत्पत्ती बरोबर की चूक हा इतिहासकारांचा वाद आहे. परक्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा बागा भरल्या, एवढे मात्र त्यावरून दिसते.

या बागा राजांच्या आणि उमरावांच्या होत्या. भिंत, दरवाजा आणि दरवाज्यावर पहारेकरी. ज्या बागेत कोणीही जाऊन बसावे अशी बाग ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे, आणि युरोपातही ती फारशी जुनी नाही. हैदराबादेत तिला नाव मिळाले बाग-ए-आम, म्हणजे सर्वसामान्यांची बाग. नामपल्ली स्थानकाजवळची ही बाग आज पब्लिक गार्डन्स या नावाने परिचित आहे. पण 'आम' जागेचे एक दुखणे असते. ती कोणाचीच नसल्यामुळे सरकारला इमारतीसाठी जागा हवी झाली की पहिली नजर तिच्यावर जाते. १९०५ मध्ये येथे टाऊन हॉलचे काम सुरू झाले आणि १९१३ मध्ये संपले; पुढे त्यात विधानसभा भरू लागली. मग संग्रहालय आले, जुबिली हॉल आला. प्राणिसंग्रहालय येथेच होते, ते मात्र १९६३ मध्ये मीर आलम तलावाकाठी नव्या, ऐसपैस जागेत गेले. इमारती सुंदर आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाग हळूहळू इमारतींमधली मोकळी जागा होऊन बसली.

शहरातील मोकळ्या जागेकडे निराळ्या दृष्टीने पाहायला हैदराबादला भाग पाडले ते मुसीने.

२८ सप्टेंबर १९०८. बंगालच्या उपसागरातून आलेल्या वादळी पावसाने मुसीच्या खोऱ्याला गाठले. शहराजवळच्या शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच, तर ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. शहरात शिरलेल्या पाण्याने सुमारे १९ हजार घरे पाडली. मृतांचा आकडा साधारण १५ हजार धरला जातो. अफझलगंजचा दवाखाना वाहून गेला. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी डोळ्यांदेखत गेली. ते एकटे वाचले. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे वाचली असे सांगतात. ते झाड पुढे बांधलेल्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आले, आणि आजही दरवर्षी २८ सप्टेंबरला लोक त्याच्याखाली जमतात.

हा पूर समजून घ्यायला फळ्यावरचे एक गणित पुरते. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार घनमीटर पाणी होते. शहराच्या वरच्या अंगाचे मुसीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ८६० चौरस मैल, म्हणजे साधारण २,२३० चौरस किलोमीटर. शमशाबादचा पहिल्या दिवसाचा पाऊस ३२५ मिलिमीटर. तो खोऱ्यात सगळीकडे सारखाच पडला असे क्षणभर धरले तर गुणाकार ७२ कोटी घनमीटरांवर जातो. पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही आणि काही पाणी मुरते, हे विद्यार्थी लगेच विचारतील आणि विचारावे. तिसरा हिस्सा मुरला म्हणून वजा केला तरी ४८ कोटी उरतात. पुराचा सर्वोच्च प्रवाह सव्वाचार लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ हजार घनमीटर होता असा त्या वेळी अंदाज काढला गेला. आपला ढोबळ गुणाकार या अंदाजाशी विसंगत नाही.

यात आणखी एक भर पडली. या खोऱ्यात ७८८ तलाव होते, जवळजवळ दर चौरस मैलाला एक. वरच्याचे जादा पाणी खालच्यात, त्याचे आणखी खालच्यात, अशी ही साखळी. नेहमीच्या पावसाला ती उत्तम. पण वरच्या तलावाची पाळ फुटली की सगळा साठा एकदम खालच्यावर येतो आणि त्याचा सांडवा तेवढ्या पाण्यासाठी बांधलेला नसतो. मग तोही फुटतो. त्या पुरात २२१ तलाव फुटले.

हे आकडे ज्यांनी मांडले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्याला परके नाहीत. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले, नोकरी मुंबई इलाख्यात गेली आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच कल्पना. नोकरी सोडून ते परदेश दौऱ्यावर असताना निजाम सरकारचे बोलावणे आले आणि १९०९ मध्ये त्यांनी हैदराबादचे काम हाती घेतले. त्यांच्या योजनेतला धरणांचा भाग सर्वांना ठाऊक आहे : मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर (१९२७). दुसऱ्या भागाकडे कमी लक्ष जाते. शहरातून जाणाऱ्या नदीचे काठ उंच करून घ्यावेत आणि तिथे रुंद रस्ते, फिरायच्या वाटा आणि बागा कराव्यात, असे त्यांनी सुचवले. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. पूल, रस्ते, गटारे यांच्याबरोबर काठालगतची काही जमीन मोकळी ठेवणे हाही त्याच्या कामाचा भाग झाला.

धरणे झाली, मग काठच्या बागांची गरज काय? याचे उत्तर पुन्हा गणितात आहे. उस्मानसागरात सुमारे ३.९ आणि हिमायतसागरात सुमारे ३ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. दोन्ही मिळून साडेएकोणीस कोटी. आपल्या फळ्यावर ४८ कोटी लिहिलेले आहेत. शिवाय ही क्षमता तलाव रिकामे असतील तेव्हाची. पूर अडवायचा तर तलाव रिकामा हवा आणि शहराला पाणी पाजायचे तर तो भरलेला हवा. एकाच तलावाकडून ही दोन्ही कामे घेतली जातात, आणि सप्टेंबरअखेर, नेमक्या पुराच्या दिवसांत, तो काठोकाठ असतो.

भरलेल्या धरणाला वाचवतो तो सांडवा. धाराशिवच्या शिक्षकांना हे समजावून सांगायला पुस्तकातल्या आकृतीची गरज नाही, नळदुर्गचा किल्ला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीस, बोरी नदीवर तेथे दगडी बांध घातला गेला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात पाणी चढले की ते 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून कोसळते आणि आपण ते पाहायला गर्दी करतो. या सांडव्यांवर वर्षातले कित्येक महिने थेंबभर पाणी नसते. म्हणून तिथे दुकाने काढावीत असे कोणी म्हणत नाही. ती जागा कोरडी दिसली तरी पाण्याचीच आहे, हे बघणाऱ्याला कळते.

नदीकाठची बाग हा शहराचा सांडवा असतो. फरक एवढाच, की ही जागा वर्षातले महिनोन्‌महिनेच काय, वीस-वीस वर्षेही कोरडी राहू शकते, आणि तेवढ्यात एक पिढी तिचे काम विसरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बागा आणि झाडे पाणी 'शोषून' घेतात म्हणून पूर येत नाही, असे सर्रास लिहिले जाते. लहान आणि मध्यम पावसाला ते खरे आहे. अभियंते वापरतात त्या कोष्टकांनुसार हिरवळीच्या बागेवर पडलेल्या पावसापैकी १० ते २५ टक्के वाहून जातो, डांबरी रस्त्यावरचा ७० ते ९५ टक्के. तेव्हा शहरातल्या उंच भागातल्या बागा, इंदिरा पार्क असो की १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले ज्युबिली हिल्सचे कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यान असो, वाहत्या पाण्याचा भार खरोखर हलका करतात. पण जमीन एकदा भरून चिंब झाली की तिचे शोषणे थांबते. १९०८ सारख्या पावसात कोणतीही बाग ४८ कोटी घनमीटर पिणार नाही. तेव्हा बागेचा उपयोग वेगळा : तिथे पाणी पसरू शकते, आणि पसरते तेव्हा तिथे कोणी झोपलेले नसते. माझ्या मते नदीकाठच्या बागेचे हे काम तिच्या गुलाबांपेक्षा आणि कारंज्यांपेक्षा मोलाचे आहे. नगरपालिकांच्या अंदाजपत्रकात मात्र कारंज्यांसाठी खाते असते, पसरणाऱ्या पाण्यासाठी नसते.

हैदराबाद हे विसरले, आणि ते विसरणारे पहिलेच शहर नव्हे. तलावांच्या साखळीतले दुवे एकेक करून बुजले. ऑक्टोबर २०२० मध्ये शहराच्या पूर्वेला घटकेसर भागात एका दिवसात ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्या पावसाळी दिवसांत पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू यांच्या पाळी फुटून खालच्या वस्त्यांत पाणी घुसले. चेरुवू म्हणजे तेलुगूत तलाव. वस्त्यांना आज कॉलनी, नगर अशी नावे आहेत. पाण्याने जुनी नावे वाचली. मग २६ आणि २७ सप्टेंबर २०२५ ला दोन्ही सागरांतून सोडलेले पाणी मुसीतून आले आणि थेट इमलीबन स्थानकात शिरले. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तारखेकडे पाहा : १९०८ च्या पुराला त्या आठवड्यात ११७ वर्षे पूर्ण होत होती. चिंचबन असते तर झाडांच्या बुंध्यांतून पाणी आले असते आणि गेले असते.

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला धाराशिव जिल्ह्यात परंडा आणि भूम तालुक्यांतली गावे पाण्याने वेढली गेली होती आणि काही ठिकाणी माणसांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख, त्या जिल्ह्यात. पाण्याची जागा सोडून वसायचे हे गावांना माहीत नव्हते असे नाही. जुनी गावठाणे पाहिली तर ती बहुतेक उंचवट्यावर असतात, आणि ओढ्याकाठी गायरान, स्मशान, आमराई. आपली गावे मोठी होत आहेत ती याच कोरड्या दिसणाऱ्या पट्ट्यांवर. गेल्या पुरात पाणी कुठवर आले होते याच्या खुणा भिंतींवर अजून असतील. शाळेतल्या मुलांनी गावच्या नकाशावर त्या आताच उतरवून घेतल्या तर दहा वर्षांनी त्या नकाशाचे मोल कळेल.

हैदराबादपुढे आज एक खरोखर अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे सोपे उत्तर मला दिसत नाही. त्या चिंचेच्या झाडाशेजारची उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत जीर्ण झाली आहे. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी तिच्या वॉर्डांत शिरले आणि ती रिकामी करावी लागली. नवे रुग्णालय हवे याबद्दल दुमत नाही. निम्म्या तेलंगणातले गरीब रुग्ण तिथे येतात, आणि सीमेपलीकडून आपल्याकडचेही. जागा निवडली गेली ती गोशामहालच्या मैदानाची, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथे पायाभरणी झाली. दाट वस्तीतली ही मोठी मोकळी जागा जाऊ नये म्हणून आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला. रुग्णालय नदीच्या पाण्यापासून दूर गेले, आणि त्यासाठी शहराने आणखी एक मैदान दिले. चिंच मात्र जुन्या आवारातच आहे.