पानावरचे आभार

'पत्र' या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचं पान. तुळशीपत्र, बिल्वपत्र, ताडपत्र. पूर्वी लिहायचे ते पानावर, म्हणून लिहिलेल्या मजकुरालाच पत्र म्हणायला लागले. (भूर्जपत्र ही खरं तर साल, पण नावात तीही पानच झाली.) पुढे कागद आला, ताडपत्रं मठांत आणि संग्रहालयांत गेली, पण शब्द राहिला. वहीलाही पान, पुस्तकालाही पान, आणि पंगतीत वाढतात तेही पानच.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण म्हणजे सध्या आमच्या डायनिंग टेबलावर पानांचा ढीग पडला आहे. मेपलची लाल, बर्चची पिवळी, ओकची तांबूस. त्यांची मी आभाराची कार्डं करते आहे. कुणासाठी ते पुढे येईलच. पण कार्डं करता करता या उद्योगाचा इतिहास शोधत गेले आणि गंमत म्हणजे त्याचे बरेचसे धागे आमच्याच राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये सापडले. दोन-तीन शनिवार-रविवार त्यातच गेले!

आधी एक खुलासा. शाळेत आपल्याला 'ऑटम म्हणजे शरद' असं शिकवलं. पण आपल्या शरदात पानं कुठे गळतात? आश्विन-कार्तिकात आपल्याकडे पाऊस नुकताच संपलेला, डोंगर हिरवेगार, आकाश निळं आणि चांदणं कोजागिरीचं. आपली पानगळ शिशिरातली. आणि लाल रंग तर त्याहून उशिरा, वसंतात येतो. कुसुंबाला चैत्राच्या सुमारास जी पालवी फुटते ती लालभडक असते. इथे झाड जाताना लाल होतं, तिथे येताना. लाल रंगद्रव्य मात्र दोन्हीकडे एकाच घराण्यातलं, अँथोसायनिन. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवं हरितद्रव्य ओसरलं की तो दिसायला लागतो. लाल मात्र झाड जाता जाता नव्याने तयार करतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा (पण दहिवर गोठण्याइतका नाही) असला की रंग जास्त खुलतो.

तरी एक योग जुळतो. इथे रंग ऐन भरात येतात ते ऑक्टोबरात, म्हणजे साधारण दसऱ्याच्याच दिवसांत. तिकडे लोक आपट्याची पानं सोनं म्हणून वाटत असतात आणि इकडे रस्त्यावर खरोखरीच सोन्याच्या रंगाची पानं उधळलेली असतात.

त्या सोन्याची गोष्ट आपल्याला पाठ असते, पण तिचा अर्धाच भाग लक्षात राहतो. कौत्साचं शिक्षण संपलं. गुरुदक्षिणा काय देऊ, असं त्याने वरतंतूंना विचारलं. ते म्हणाले, काही नको, तू मनापासून सेवा केलीस, पोचलं. कौत्स हट्टाला पेटला. शेवटी गुरू चिडले आणि चौदा विद्यांच्या चौदा कोटी मुद्रा आण म्हणाले. मग रघुराजा, कुबेर, आपट्यावर पडलेला सोन्याचा पाऊस. कौत्साने मोजून तेवढ्याच मुद्रा घेतल्या आणि उरलेलं सोनं लोकांनी लुटलं. म्हणजे ही गोष्ट मुळात आभाराची आहे. घेणारा म्हणतो 'नको', आणि देणाऱ्याला दिल्याशिवाय राहवत नाही. हा पेच लक्षात ठेवा.

आता इकडच्या मंडळींकडे वळू.

पहिला हेन्री डेव्हिड थोरो. सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध गांधीजींनी वाचला होता, म्हणून आपल्याला हे नाव माहीत. हा कॉन्कर्ड गावचा. पानांच्या रंगांवर त्याने एक मोठा निबंध लिहिला, 'ऑटमनल टिंट्स'. त्यात तो म्हणतो की इंग्लंडच्या कवींनी या रंगांबद्दल फारसं लिहिलं नाही, कारण तिथली झाडं एवढी रंगतच नाहीत. म्हणजे अमेरिकेत आलेल्या लोकांकडे या ऋतूसाठी आयते शब्द नव्हते, ते त्यांना इथेच घडवावे लागले. त्याच निबंधात त्याने आपला एक जुना बेत सांगितला आहे. प्रत्येक झाडाचं रंग बदलणारं एकेक पान घ्यायचं, वहीत त्याची बाह्यरेषा काढायची आणि हुबेहूब रंग भरायचा. ती वही काही झाली नाही. १८६२ च्या सुरुवातीला क्षयाने अंथरुणाला खिळलेला असताना त्याने हा निबंध छापायला तयार केला, मे महिन्यात तो गेला आणि ऑक्टोबरात 'अटलांटिक मंथली'मध्ये निबंध छापून आला. पानं किती सहज, किती हलकेच मातीला मिळतात, असं त्यात लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याची तेव्हाची स्थिती ठाऊक असली की ते वाचताना थबकायला होतं.

दुसरी एमिली डिकिन्सन, ॲमहर्स्टची. ही कवयित्री म्हणून जगाला कळली ती मेल्यानंतर. पण शाळकरी वयात तिने पानंफुलं दाबून एक वही केली होती. ६६ पानं आणि त्यांवर ४२४ नमुने. ती वही आज हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे. पुढे घराबाहेर पडणं तिने जवळजवळ सोडलं, पण पत्रं मात्र थांबली नाहीत. पत्रासोबत कधी कविता, कधी दाबलेलं फूल. ज्यांना ती भेटत नसे त्यांच्यापर्यंत ती अशी पोचायची.

तिसरी एस्थर हाउलंड, वुस्टरची. १८४७ मध्ये ती माउंट होलिओकमधून शिकून बाहेर पडली आणि त्याच वर्षी डिकिन्सन तिथे दाखल झाली. हाउलंडच्या वडिलांचं स्टेशनरीचं दुकान होतं. एकदा तिच्या हातात इंग्लंडहून आलेलं व्हॅलेंटाइन कार्ड पडलं. असं तर मीही करीन, असं म्हणून तिने कागदी लेस मागवली, नमुने केले आणि भावाजवळ दिले. तो दुकानाच्या मालासाठी गावोगाव फिरायचा. दोनशे डॉलरच्या ऑर्डरी आल्या तरी खूप, असं तिला वाटत होतं. असं सांगतात की तो पाच हजारांच्या घेऊन आला! मग तिने मैत्रिणींना बोलावलं आणि घरातच एक लांब टेबल मांडलं. एकीने फुलं कापायची, दुसरीने मागचा कागद लावायचा, तिसरीने चिकटवायचं. हेन्री फोर्डच्या कितीतरी आधी, घराच्या माडीवर, बायकांची ही असेंब्ली लाइन. काही जणी सामान घरी नेऊन काम करायच्या. (पापड-लोणच्यांचे आपले गृहोद्योग आठवले ना?) १८८१ मध्ये आजारी वडिलांची शुश्रूषा करण्यासाठी तिने धंदा विकून टाकला. प्रेमाची हजारो कार्डं करणारी ही बाई स्वतः अविवाहित राहिली, यावर लिहिणारे हमखास एक वाक्य टाकतात. मला वडिलांचा भाग जास्त लक्षात राहिला.

चौथा लुई प्रांग. जन्म १८२४, ब्रेस्लाऊचा. वडील छिटाचं कापड छापणारे, त्यामुळे रंगांचं काम त्याच्या हातात लहानपणापासून मुरलेलं. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत सामील झाला म्हणून देश सोडावा लागला. १८५० मध्ये अमेरिकेत आला, बॉस्टनला स्थिरावला आणि पुढे रॉक्सबरीत मोठा छापखाना काढला. त्याचं तंत्र क्रोमोलिथोग्राफीचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि तोच कागद एकामागून एक अशा अनेक दगडांवर बिनचूक बसवायचा. केस भर सरकला की चित्र बिघडलं. आपल्याला हे तंत्र परकं नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला (नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला), त्यातल्या लक्ष्मी-सरस्वती याच पद्धतीने छापल्या आणि आपल्या आज्यांच्या देवघरांत पोचल्या.

१८६० च्या दशकात प्रांगने आल्बममध्ये लावायच्या छोट्या चित्रांचे संच काढले. फुलं, फुलपाखरं आणि चक्क ऑटमची पानं! थोरोच्या मनात राहून गेलेली वही दुसऱ्याच कुणीतरी दगडावरून छापून दुकानात आणली. पुढे प्रांगने ख्रिसमसची कार्डं छापली, १८७३ मध्ये इंग्लंडसाठी आणि १८७४ मध्ये अमेरिकेसाठी. १८८० मध्ये त्याने कार्डांच्या चित्रांची स्पर्धा लावली. पहिलं बक्षीस एक हजार डॉलरचं, ते रोझिना एमेट या तरुण चित्रकर्तीने पटकावलं. प्रांगचा खप वर्षाला लाखांच्या घरात होता. पण जर्मनीहून स्वस्त कार्डं यायला लागली आणि १८९० च्या दशकात त्याने या धंद्यातून अंग काढून घेतलं.

आणि मग त्याने काय केलं? खरं तर ते आधीपासूनच सुरू होतं. शाळांतल्या मुलांना चित्रकला शिकवता यावी म्हणून तो पुस्तकं आणि मुलांना अपाय न करणारे रंग काढत होता. ज्या माणसाने हातची कार्डं यंत्रावर नेली, त्यानेच मुलांच्या हातात कुंचला दिला. 'प्रांग' नावाची रंगपेटी इथल्या कितीतरी घरांनी पाहिली आहे.

हे सगळं वाचल्यावर मला हातचं श्रेष्ठ आणि छापील कनिष्ठ असं म्हणवेना. हाउलंडची कार्डं हातचीच होती, पण ती करणारीचा आणि पाठवणाऱ्याचा काही संबंध नव्हता. प्रांगची छापील होती, पण ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही त्यांनी सुंदर काही पाठवण्याची सोय केली. प्रश्न हात की यंत्र असा नाहीच. कार्डावर आपलं असं काय उतरलं, हा प्रश्न आहे.

आता माझी गोष्ट. या एप्रिलमध्ये पुण्यात आई घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मला तिकीट, रजा, इथली शाळा यांतून सुटून पोचायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत ऑपरेशन झालंही होतं. शेजारच्या काकूंनी रोज डबा पोचवला. मावसभावाने दवाखान्यात रात्री काढल्या. वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने, ज्याचं नावही मला तोवर माहीत नव्हतं, रक्ताची सोय केली. इथे माझ्यामागे माझ्या मैत्रिणींनी मुलांना सांभाळलं. मोजली तेव्हा एकोणीस माणसं भरली.

यातल्या इथल्या सहा जणांचा प्रश्न नाही. इथे थँक यू कार्ड आलं नाही तर चुकल्यासारखं होतं. पण तिकडच्या तेरांचं काय? मी काकूंना फोनवर आभार म्हणायला लागले तशा त्या म्हणाल्या, "अगं, आभार काय मानतेस? आम्ही काय परके आहोत?" मामीही तेच म्हणाली. आपल्याकडे आभार सभेत मानतात, शेवटचा वक्ता मानतो, आणि तोवर लोक चपला शोधत असतात. घरात 'धन्यवाद' म्हटलं की हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं.

इथे मला कौत्स आठवला. 'नको' म्हणणारे वरतंतूही बरोबर होते. आणि कौत्सही बरोबर होता, कारण न बोलता राहिलं की ते माणसाच्या आत साठत जातं. चूक होती ती फक्त हिशेबात, चौदा विद्यांना चौदा कोटी. काकूंच्या अकरा डब्यांची किंमत मी कशात करू? म्हणून दसऱ्याचीच रीत बरी. पान द्यायचं आणि सोनं म्हणायचं. दोघांनाही माहीत असतं की ते पान आहे.

करायची पद्धत सोपी आहे. नुकतंच गळलेलं, कोरडं पान घ्यायचं. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जाडजूड शब्दकोश ठेवायचे. दोन दिवसांनी कागद बदलायचा, आठ-दहा दिवसांत पान तयार. घाई असेल तर दोन मेणकागदांत पान ठेवून वर कापड टाकून कोमट इस्त्री फिरवायची, वाफ बंद ठेवून. मेणाने रंगही जरा जास्त टिकतो. शिरांवर पातळ गोंद लावून जाड कार्डावर बसवायचं.

भारतात मात्र पान पाठवत नाही. वाळलेलं असलं तरी वनस्पती परदेशी धाडताना क्वारंटाइनचे नियम आड येतात. म्हणून त्या तेरा कार्डांवर पानाचा ठसा आहे. पान उलटं ठेवायचं, शिरा वर. त्यावर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा धरून घासायचा. एकेक शीर कागदावर उमटत जाते. लेकीने यात हात धरायला शिकवलं, तिची प्रांगची पेटी मग रंग भरायला घेतली.

आणि आत मजकूर? 'आभार' हा शब्द एकाही कार्डात नाही. काकूंना लिहिलं, "तिसऱ्या दिवशी तुम्ही दिलेलं मेतकूट-भात आईने दोनदा मागून खाल्लं, हे तिने मला अजून चार वेळा सांगितलं आहे." मावसभावाला लिहिलं की बाकावर झोपून त्याची मान धरली होती, हे मला त्याने नाही, नर्सबाईंनी सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं मी फक्त नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि खाली, "आता माहीत झालं, विसरणार नाही."

घरच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर कार्ड हातात पडेपर्यंत काकूंना सांगू नका. टपाल सावकाश जातं. दसरा होऊन जाईल, पण कोजागिरी नाही तर दिवाळीपर्यंत तरी पोचावं.