ऑक्टोबर : नावाने आठवा, क्रमाने दहावा

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. गेल्या वर्षी याच महिन्यात भिवंडीत एका घरी संध्याकाळची जपमाळ झाल्यावर महाविद्यालयात शिकणारा एक युवक दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. शहराच्या इतिहासावरील छोट्या प्रदर्शनासाठी तो टिपणे काढीत होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्याचा दिवस एका कागदावर २४ ऑक्टोबर १६५७ असा होता, तर दुसऱ्यावर ३ नोव्हेंबर १६५७. ‘‘फादर, यातली खोटी तारीख कोणती?’’ असा त्याचा सरळ प्रश्न. खोटी कोणतीच नाही, हे उत्तर मी लगेच दिले. पण ते पटवून देण्यास त्या रात्री चहाचे दोन कप लागले. वाचकांपैकी अनेकांना असाच प्रश्न पडत असेल, म्हणून ती माहिती येथे थोडी विस्ताराने देत आहे.

प्रथम नावाविषयी. ‘ऑक्टो’ म्हणजे लॅटिन भाषेत आठ. संस्कृत ‘अष्ट’ आणि आपला ‘आठ’ हे याच शब्दाचे दूरचे भाऊबंद होत. आठ पायांचा ऑक्टोपस याच कुळातला, आणि नाताळ व ईस्टरनंतर उपासनेत आपण जे आठ दिवस पाळतो त्यांचे ‘ऑक्टेव्ह’ हे नावही त्याच कुळातले. मग आठ आकड्याचे नाव दहाव्या महिन्याला कसे? प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे. मार्चपासून मोजल्यास ऑक्टोबर बरोबर आठवा येतो. पुढे जानेवारी व फेब्रुवारी यांची भर पडली. परंपरा याचे श्रेय नुमा पाँपिलियस या राजाला देते. इ.स.पू. १५३ पासून रोमचे सर्वोच्च अधिकारी १ जानेवारीला अधिकारपद स्वीकारू लागले व वर्षारंभही तेथेच स्थिरावला. महिने पुढे सरकले, नावे मात्र जागची हलली नाहीत. सप्टेंबर (सात), नोव्हेंबर (नऊ) आणि डिसेंबर (दहा) यांची कथाही हीच आहे.

नावे बदलण्याचा मोह सत्ताधीशांना तेव्हाही होता. पाचव्या महिन्याला ज्युलियस सीझरचे आणि सहाव्याला ऑगस्टसचे नाव मिळाले व ती नावे टिकली. सम्राट डोमिशियन याने ऑक्टोबरला स्वतःचे नाव देऊन पाहिले. इ.स. ९६ मध्ये त्याचा खून झाला आणि महिना पुन्हा ऑक्टोबर झाला. इंग्लंडमध्ये लॅटिन नाव रुळण्यापूर्वी या महिन्यास ‘विंटरफिलेथ’ म्हणत, अशी नोंद मठवासी संत बीड यांनी इ.स. ७२५ च्या सुमारास आपल्या कालगणनेवरील ग्रंथात केली आहे. त्या महिन्याच्या पौर्णिमेपासून तेथे हिवाळा धरला जाई. आपल्याकडे याच सुमारास कोजागरी येते. पण ती हिवाळ्याची नव्हे, पाऊस सरल्याची पौर्णिमा.

मराठीत हे नाव इंग्रजी अमदानीत आले. गोव्यातील कोंकणी बंधुभगिनी ‘जानेर’, ‘फेवरेर’, ‘आगोस्त’ म्हणतात, त्यामागे पोर्तुगीज आहे. आपला ‘ऑक्टोबर’ इंग्रजीच्या वाटेने आला. आणि आल्यावर तो केवळ दिनदर्शिकेच्या पानावर राहिला नाही. ‘ऑक्टोबर हीट’ हा शब्द तर इंग्रजी न शिकलेल्या आजीबाईंच्या तोंडीही ऐकू येतो. पाऊस परततो, आभाळ निरभ्र होते, जमिनीतील ओल उन्हाने वर येते, समुद्राकडचा वारा मंदावतो आणि पारा पुन्हा पस्तिशीच्या आसपास जातो. भिवंडीत यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडखाली बारा-बारा तास उभे राहणाऱ्या कामगाराला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शरदाचे चांदणे साहित्यात पुष्कळ आहे. शरदातील दुपार त्या मानाने फारशी कोणी लिहिलेली नाही.

शहराबाहेर तालुक्यात याच दिवसांत हळवे भात कापणीला येते. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘अगेरा’ साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने मंदिरात आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो. जेथे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तेथेही लोंब्या दुरून मिळवून हा सण पाळला जातो.

आणखी एक अर्थ नव्या पिढीला ठाऊक नसेल. पूर्वी मार्चमधील दहावी-बारावीच्या परीक्षेत अपयश आले, तर पुन्हा संधी ऑक्टोबरमध्ये मिळे. ‘‘आमचा मुलगा ऑक्टोबरला बसणार आहे’’ हे वाक्य पालक किती खालच्या आवाजात उच्चारीत, ते माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. माझ्याच वर्गातील एक मित्र दिवसा मागावर काम करून रात्री अभ्यास करी. तो दोनदा ऑक्टोबरला बसला. दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या आईने मंदिरात मेणबत्ती लावली आणि शेजारणींना मात्र काहीच सांगितले नाही. दहावीची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैत होऊ लागली, पाठोपाठ बारावीचीही. मुलांचे वर्ष वाचले, हे उत्तमच झाले. ‘ऑक्टोबरला बसणे’ हा वाक्प्रचार आता मागे पडत चालला आहे.

ख्रिस्तसभेत या महिन्याची ओळख जपमाळेशी जोडली गेली ती पोप लिओ तेरावे यांच्या १ सप्टेंबर १८८३ च्या परिपत्रकामुळे. ७ ऑक्टोबर हा जपमाळेच्या राणीचा सण मात्र त्याहून जुना. त्यामागे १५७१ सालची लेपांतोची आरमारी लढाई आहे. आता गंमत पाहा. त्या दिवशी चालू असलेल्या कालगणनेनुसार ती ७ ऑक्टोबर होती. आजच्या गणनेने मागे मोजत गेल्यास तो दिवस १७ ऑक्टोबर भरतो. येथूनच आपण त्या युवकाच्या प्रश्नाकडे वळू.

ज्युलियस सीझरने घालून दिलेल्या गणनेत दर चार वर्षांनी एक लीप वर्ष होते, म्हणजे वर्ष सरासरी ३६५ दिवस ६ तासांचे. सूर्याचे वर्ष याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, असे वाटते. परंतु सुमारे १२८ वर्षांत त्यांचा एक पूर्ण दिवस होतो. इ.स. ३२५ च्या नायसिया धर्मपरिषदेच्या काळी वसंतसंपात २१ मार्चला येत असे. सोळाव्या शतकापर्यंत तो ११ मार्चवर सरकला. ईस्टरचा दिवस याच संपातावर अवलंबून असल्याने सर्वांत मोठा सणच हळूहळू जागा सोडू लागला होता. इटालियन वैद्य लिलियस यांनी सुधारणेचा आराखडा केला, येशूसंघीय गणिती फादर क्लाव्हियस यांनी त्याचे विवेचन व समर्थन केले आणि पोप ग्रेगरी तेरावे यांनी २४ फेब्रुवारी १५८२ च्या आज्ञापत्राने ती लागू केली. दहा दिवस वगळायचे ठरले, ते कोणते? सणांची दाटी कमी म्हणून ऑक्टोबर निवडला गेला. ४ ऑक्टोबर, असिसीचे संत फ्रान्सिस यांचा सण, कायम राहिला. तो गुरुवार होता. दुसरा दिवस शुक्रवार, पण तारीख १५ ऑक्टोबर. वारांचा क्रम अखंड राहिला, हे लक्षात ठेवावे. कोणाच्याही आयुष्यातून एकही दिवस कमी झाला नाही.

आव्हिलाच्या संत तेरेजा याच रात्री आल्बा दे तोर्मेस येथे देवाघरी गेल्या. मृत्यू ४ ऑक्टोबरच्या रात्री आणि दफन दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला! त्यांचा सण आपण १५ तारखेस पाळतो, तो यामुळेच.

स्पेन, पोर्तुगाल व इटलीचा बराच भाग यांनी हा बदल लगेच स्वीकारला. लिस्बनहून निघालेली जहाजे गोव्यास पोहोचण्यास साधारण सहा महिने लागत. त्यामुळे पूर्वेकडील पोर्तुगीज वसाहतींत, आणि अर्थातच वसईतही, नवी गणना थोडी उशिराने आली. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात उतरले होते, म्हणजे दोन्ही गणनांतील ऑक्टोबर पाहिलेले हे कवी. ते जन्माने इंग्रज. आणि त्यांच्या मायदेशाने रोमकडून आलेली ही सुधारणा तब्बल १७० वर्षे नाकारली. अखेर १७५२ मध्ये इंग्लंडने २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर लिहिला. तोपर्यंत अंतर अकरा दिवसांचे झाले होते.

आता १६५७ सालची भिवंडी डोळ्यांपुढे आणा. गाव आदिलशाही मुलखात. पश्चिमेस वसई व ठाणे पोर्तुगीजांकडे, ते नव्या गणनेने तारखा लिहिणारे. उत्तरेस सुरतेला इंग्रजांची वखार, ती जुन्या गणनेची. स्थानिक जनतेला यातले काहीच नको होते. त्यांच्या लेखी तो दिवस शके १५७९, आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस. त्या दिवशी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि महाराजांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीकाठी झाला, असे मानले जाते. सुरतेच्या इंग्रजाने तो दिवस २४ ऑक्टोबर लिहिला असता, वसईच्या पाद्रीने ३ नोव्हेंबर. वार दोघांचाही शनिवारच.

मराठ्यांच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत त्या काळच्या तारखा जुन्या गणनेने देण्याची रूढी आहे. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० आणि राज्याभिषेकाची ६ जून १६७४ या तारखाही तशाच आहेत. नव्या गणनेने त्या अनुक्रमे १ मार्च आणि १६ जून होतात. रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन ७ नोव्हेंबरला का येतो, हे कामगार चळवळीतील जुन्या मंडळींना ठाऊक असते, भिवंडीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. अडचण येते ती पोर्तुगीज व इंग्रजी कागद शेजारी ठेवल्यावर. रूपांतर न करता ते वाचले तर उत्तर पत्राच्या आधी लिहिलेले दिसते, आणि आपल्या भागातील ख्रिस्ती समाजाचा त्या शतकातील इतिहास तर बहुतांशी पोर्तुगीज कागदांतच आहे. आपल्या मंडळींपैकी जे कोणी घराण्याचा किंवा धर्मग्रामाचा इतिहास लिहीत असतील, त्यांनी १७५२ पूर्वीची तारीख उतरवताना ती कोणाच्या कागदावरून घेतली, हे कंसात अवश्य लिहावे.

तिथीचा मात्र पुरावा भक्कम असतो, कारण चंद्र पोप ग्रेगरी यांचेही ऐकत नाही आणि इंग्लंडच्या राजाचेही. त्या वर्षी अमावास्या नव्या गणनेच्या ६ नोव्हेंबरच्या सुमारास येते. तीन दिवस मागे गेल्यास द्वादशी बरोबर ३ नोव्हेंबरला सापडते. वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब त्या युवकाने स्वतः करून पाहिला.

प्रदर्शनातील फलकावर त्याने शेवटी तिथी सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहिली. खाली ‘२४ ऑक्टोबर १६५७ (जुनी गणना)’ आणि त्याखाली ‘३ नोव्हेंबर १६५७ (नवी गणना)’. उद्घाटनाला आलेल्या पहिल्याच पाहुण्याने विचारले, ‘‘यातली खरी कोणती?’’