जैसलमेर : व्यापारी पेठ ते सीमावर्ती नगर

थरच्या वाळवंटातील जैसलमेर आज सीमावर्ती नगर म्हणून ओळखले जाते. परंतु ही ओळख अर्वाचीन आहे. इ.स. ११५६ मध्ये भाटी राजपूत रावळ जैसल यांनी लोद्रव्याहून राजधानी येथे हलविली. पुढे सिंधकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांवरील जकातीने राज्य पोसले. पटवा व्यापाऱ्यांच्या कोरीव हवेल्या त्या समृद्धीची साक्ष देतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदर व रेल्वे यांमुळे हा व्यापार ओसरला, तर १९४७ च्या फाळणीने उरलेल्या वाटाही तोडल्या. १९७१ मध्ये याच जिल्ह्यातील लोंगेवाला रणभूमी ठरले. तात्पर्य, या नगराच्या एकाकीपणाचे कारण वाळवंटात नव्हे, तर बदललेल्या व्यापारमार्गांत व राजकीय सीमारेषेत शोधावे लागते.